वाईचं खोरं, कार्टोसॅटची प्रतिमा आणि ६५ मीटरची गफलत

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना दरडी कोसळल्या. महाडजवळचं तळिये, पाटण तालुक्यातली आंबेघर आणि मिरगाव ही नावं तेव्हा घरोघरी पोचली. त्यानंतर वाई-महाबळेश्वर पट्ट्यातल्या जुन्या-नव्या दरडींच्या खुणा नकाशावर आणायचं एक काम निघालं. उतार घसरण्यापूर्वी कसा होता हे पाहायला जुनी प्रतिमा लागते, आणि आपल्याकडे त्यासाठी हाताशी असलेली चांगली सोय म्हणजे इस्रोचा उपग्रह कार्टोसॅट-१. प्रतिमांची भूमितीय दुरुस्ती करून ऑर्थो, म्हणजे प्रत्येक जागा नकाशातल्या तिच्या खऱ्या ठिकाणी बसवलेली प्रतिमा, तयार करायचं काम एका खासगी कंपनीकडे होतं. आमच्याकडे आलं ते फक्त तपासणीचं.

मागणीपत्रात अचूकतेची मर्यादा साडेसात मीटर, म्हणजे तीन पिक्सेल, अशी लिहिलेली होती. कंपनीने ऑर्थो तीनदा दिला. पहिला सरळ नापास झाला. दुसरा कागदावर पास होता, तरी आम्ही तो परत पाठवला. हे प्रकरण मुख्यतः त्या दुसऱ्या ऑर्थोचं आहे.

आधी उपग्रहाबद्दल थोडं. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ सोडला. उंची ६१८ किलोमीटर, जमिनीवरचा पिक्सेल अडीच मीटरचा, आणि दोन कृष्णधवल कॅमेरे: ‘फोर’ २६ अंश पुढे बघणारा, ‘आफ्ट’ ५ अंश मागे बघणारा. उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना फोर आधी एखादी जागा टिपतो आणि साधारण ५२ सेकंदांनी आफ्ट तीच जागा टिपतो. एकाच फेरीत जोडी मिळते, त्यामुळे त्रिमितीय बघता येतं आणि उंचीही काढता येते. पण दोन्ही कॅमेरे तिरके आहेत, हे विसरून चालत नाही.

तिरक्या कॅमेऱ्याला डोंगर सरळ दिसत नाही. उंच जागा कॅमेऱ्यापासून दूर ढकललेली दिसते. किती, ते काढायला शाळेतली त्रिकोणमिती पुरते: उंची गुणिले कोनाचा टॅन. फक्त एक बारकावा असा की कॅमेऱ्याचा कोन २६ अंश असला तरी पृथ्वी गोल असल्यामुळे जमिनीवर किरण लंबरेषेशी साधारण २८.७ अंशांनी येतो. आफ्टचे ५ अंश तसेच साडेपाच होतात. हिशेबाला सोपं म्हणून लक्षात ठेवायचं: आफ्टमध्ये दर १०० मीटर उंचीमागे साडेनऊ मीटर सरक, फोरमध्ये जवळजवळ ५५ मीटर.

आता वाईचं खोरं घ्या. गाव समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. पसरणी घाट चढून पाचगणीच्या टेबललँडवर गेलात की तेराशे. उंचीतला फरक सहाशे मीटरचा, म्हणजे आफ्टच्या प्रतिमेत टेबललँड खोऱ्याच्या तुलनेत ५८ मीटर उत्तरेला सरकलेलं, आणि फोरमध्ये सव्वातीनशे मीटर दक्षिणेला. पश्चिमेला आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरलं तर उंचीतला फरक हजार मीटरच्याही वर जातो. अशा मुलखात प्रतिमा ‘ताणून बसवायची’ कल्पना मुळातच चुकीची.

पहिल्या वेळी कंपनीने नेमकं तेच केलं होतं. जीपीएसने मोजलेले डझनभर जीसीपी (जमिनीवरचे संदर्भबिंदू) घेतले आणि बहुपदी समीकरणाने प्रतिमा त्यांच्यावर बसवली. अहवालात तिन्ही घातांचा तक्ता होता. पहिल्या घाताची आरएमएसई (बिंदूंवरची सरासरी चूक) जास्त, दुसऱ्याची कमी, तिसऱ्याची आणखी कमी. त्यांनी दुसरा घात निवडला होता आणि ‘अतिघात टाळला’ असं वर लिहिलंही होतं.

या तक्त्यावर माझा विश्वास कधीच बसत नाही, आणि कारण साधं आहे. पहिल्या घाताला ६ अज्ञात संख्या, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला २०. प्रत्येक जीसीपी दोन समीकरणं देतो, एक एक्सचं आणि एक वायचं. म्हणजे तिसऱ्या घाताला नेमके १० बिंदू दिले की आरएमएसई चक्क शून्य येते. ते बिंदू बरोबर असोत, चूक असोत किंवा डोळे मिटून टिचकवलेले असोत. डझनभर बिंदूंवर तिसरा घात चालवला तर २४ समीकरणांत २० अज्ञात, म्हणजे चुकीची चाहूल द्यायला फक्त चार समीकरणं शिल्लक. घात वाढवला की आरएमएसई उतरते याला सुधारणा म्हणत नाहीत. गणिताला चुका पोटात घालायला जास्त जागा मिळाली, इतकाच त्याचा अर्थ.

त्यातून सगळे जीसीपी गाडी जाते तिथले. सुरूर फाट्यापासून वाईपर्यंतचा रस्ता, वाई गाव, धोमकडे जाणारा रस्ता. डोंगरावर एकही नाही. खोऱ्यातल्या बिंदूंची उंची जवळपास सारखी, त्यामुळे सपाट समीकरण तिथे छान बसतं. टेबललँड मात्र पन्नासहून जास्त मीटर उत्तरेला गेलेलं.

हे दिसल्यावर आमच्यातल्या एकाने पहिला संशय टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षणाच्या छापील नकाशावर, घेतला. संशय रास्त होता. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट (वाईची ४७ जी/१३, महाबळेश्वरची ४७ जी/९) एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिकृतीवर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या प्रतिकृतीवर. रूपांतर न करता टोपोशीटवरून वाचलेले अक्षांश-रेखांश जीपीएसच्या शेजारी ठेवले तर या भागात शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो. पण तो फरक वायव्य-आग्नेय दिशेचा असतो आणि सगळीकडे जवळपास सारखा असतो. इथे खोरं जागेवर होतं, डोंगरच सरकला होता, तोही उपग्रहाच्या वाटेने. टोपोशीट सुटली. उंचीमुळे आलेली सरक समीकरणात धरलेलीच नव्हती, हे उघड होतं. ऑर्थो परत गेला. त्यावर फार वादही झाला नाही.

दुसऱ्या वेळी काम बरंच नीट झालं होतं. आरपीसी वापरली होती. प्रतिमेसोबत ही गुणकांची फाइल येते. अक्षांश, रेखांश आणि उंची घालायची, प्रतिमेतली ओळ आणि स्तंभ बाहेर येतो. ओळीसाठी दोन आणि स्तंभासाठी दोन अशा चार घन बहुपदी, प्रत्येकीत २० गुणक, एकूण ८०. उपग्रहाची जागा, कॅमेऱ्याचा कल, सगळं त्यात आटवलेलं असतं. पण उपग्रहाला आपला कल जितका अचूक कळतो तितकीच आरपीसी अचूक. ६१८ किलोमीटरवरून कोनात एका अंशाचा शंभरावा भाग चुकला तरी जमिनीवर शंभरहून जास्त मीटर जातात.

कार्टोसॅट-१ च्या बाबतीत हे सुरुवातीलाच तपासलं गेलं होतं. इस्रो आणि छायामापनाची जागतिक संघटना आयएसपीआरएस यांनी मिळून वेगवेगळ्या देशांतल्या गटांना चाचणीसाठी प्रतिमा दिल्या होत्या, आणि त्यांचे निष्कर्ष सप्टेंबर २००६ मध्ये गोव्यात झालेल्या परिसंवादात मांडले गेले. नुसत्या आरपीसीवर भिस्त ठेवता येत नाही, पण मोजक्या चांगल्या जीसीपींनी ती दुरुस्त केली की अचूकता पिक्सेलच्या घरात येते, असा एकंदर सूर होता. दुरुस्तीही नुसती सरकवण्याची पुरत नाही, ॲफाइन लागते. म्हणजे सरकवणं, फिरवणं, ताणणं मिळून ६ अज्ञात. हिशेबापुरते तीन बिंदू पुरतात. प्रत्यक्षात आठ-दहा तरी हवेत आणि ते चारही कोपऱ्यांत, वर-खाली पसरलेले हवेत.

कंपनीने या खेपेला हे सगळं पाळलं. ॲफाइन केली, डोंगरावरचे बिंदू घेतले, उंचीसाठी एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या मोजणीचं तीस मीटरचं डेम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) वापरलं. अहवालातली आरएमएसई एका पिक्सेलच्या आत.

आम्ही आमचे चेक पॉइंट, म्हणजे पडताळणीचे स्वतंत्र बिंदू, घ्यायला बाहेर पडलो. दुसऱ्याचे जीसीपी त्याच्याच ऑर्थोवर तपासण्यात अर्थ नसतो. दुरुस्ती त्यांच्यावर बेतलेली असते, ते गोड बोलणारच.

अडीच मीटरच्या प्रतिमेवर चांगला बिंदू शोधणं हे या सगळ्यातलं सर्वात वेळखाऊ काम, आणि अहवालात त्याला एक ओळ मिळते. प्रतिमेवर ठसठशीत दिसणाऱ्या बहुतेक गोष्टी कुचकामी असतात. धोम धरणाच्या पाण्याची कड झकास दिसते, पण ती पावसाळ्यानंतर रोज उतरते. ओढ्यांचा संगम प्रत्येक पुराला हलतो. घाटातलं वळण नकाशावर टोकदार वाटतं; जागेवर उभं राहिल्यावर टोक कुठे धरायचं ते कळत नाही. शेताचा बांध सरळ असतो पण त्याच्या कोपऱ्यावर हमखास झाड असतं, आणि प्रतिमेत कोपरा दिसत नाही, झाडाचा शेंडा दिसतो. इमारतीचा कोपरा त्याहून फसवा. प्रतिमेत दिसतो छताचा कोपरा, रिसीव्हर ठेवतो आपण जमिनीवर. बारा मीटर उंच इमारत असेल तर आफ्टमध्ये अर्धा पिक्सेल जातो, फोरमध्ये साडेसहा मीटर.

खोऱ्यात आम्हाला तारलं धोमच्या कालव्यांनी. कालव्यावरचे छोटे पूल फार चांगले बिंदू: पांढरट काँक्रीट, खाली काळं पाणी किंवा काळी सावली, कड काटकोनात. शिवाय ते जुने आहेत. प्रतिमा काही वर्षांपूर्वीची असताना आज दिसणारी गोष्ट तेव्हाही तिथेच होती याची खात्री लागते, आणि रस्त्यांच्या बाबतीत ती देता येत नाही. चौक रुंद होतात, मधे सर्कल येतं, कोपऱ्यावरची टपरी जाऊन गाळे येतात.

वर पाचगणीत टेबललँडवर जाऊन उपयोग नाही. जांभ्याचं मोठं पठार, त्यावर घोड्यांच्या वाटा, आणि वाटा दर मोसमात वेगळ्या. तिथे उपयोगी पडली ती निवासी शाळांची मैदानं. बास्केटबॉलच्या काँक्रीट कोर्टाचा कोपरा म्हणजे सर्वेक्षकाला मिळालेलं वरदान: सपाट, मोकळा, भोवती लाल माती, रंगांतला फरक स्वच्छ. एका शाळेत मात्र रिसीव्हर लावून झाल्यावर शिपाईमामांनी सहज सांगितलं की कोर्ट मागे दोन वर्षांपूर्वी एका बाजूने वाढवलंय. काँक्रीटमधला जोड नीट पाहिल्यावर दिसत होता, नवा भाग किंचित फिकट. प्रतिमेतला कोपरा त्या जोडावर होता, आजच्या कडेवर नव्हता. तिवई उचलून जोडावर आणली. अशी माहिती कुठल्याही डेटाबेसमध्ये नसते.

प्रत्येक बिंदूचे दोन फोटो घ्यायचे, एक जवळून आणि एक लांबून, आणि प्रतिमेच्या छापील तुकड्यावर पेनाने खूण करून तिथेच सही करायची. ऑफिसात बसलेला माणूस नंतर भलताच कोपरा टिचकवतो, त्यावर हा एकच उपाय मला माहीत आहे.

निकाल आले. सरासरी चूक सहा मीटरच्या थोडी वर. मर्यादा साडेसात. म्हणजे पास.

आरएमएसईचा एक आकडा पाहून फाइल बंद केली असती तर प्रकरण तिथेच संपलं असतं. पण आम्ही नेहमीप्रमाणे प्रत्येक चेक पॉइंटवर चुकीचा बाण काढला: जमिनीवरच्या खऱ्या जागेपासून ऑर्थोवर दिसणाऱ्या जागेपर्यंत. सगळे बाण दक्षिणेकडे, किंचित पश्चिमेला कललेले. खोऱ्यात तसेच, पाचगणीत तसेच. लांबीही जवळपास सारखी.

चुका जर टिचकवण्यातल्या, डेममधल्या, हाताच्या असतील तर बाण चहूकडे फेकलेले दिसतात. सगळे बाण एकाच दिशेला तोंड करून उभे असतील तर त्यामागे एकच कारण असतं आणि ते शोधता येतं. कंपनीच्या अभियंत्याशी फोनवर बोलणं झालं ते असं:

“सर, पण टॉलरन्समध्ये आहे ना?”

“आहे हो. पण सगळे बाण दक्षिणेला का?”

“डेम तीस मीटरचं आहे सर, तेवढं चालायचंच.”

“डेम चुकलं तर एका डोंगरावर इकडे सरकेल, दुसऱ्यावर तिकडे. सगळीकडे सारखं कसं सरकेल?”

त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि “बघतो सर” म्हणाला. मुलगा हुशार होता. त्याला कुणी बाण काढायला सांगितले नव्हते, इतकंच.

ऑर्थो पास असताना तो अडवायचं कारण काय, असं आमच्या ऑफिसातही विचारलं गेलं. माझं म्हणणं असं होतं की पुढच्या टप्प्यात याच जीसीपींवर फोर-आफ्ट जोडी बसवून त्रिमितीय काम होणार होतं. आफ्ट जवळजवळ सरळ खाली बघतो, त्याला सगळ्या चुका लहान दिसतात. सहा मीटरच्या मागे काय दडलंय ते कळल्याशिवाय फोरला हात लावणं धोक्याचं होतं.

संशयित एकेक करून काढले. पहिला संशय आमच्यावरच. डीजीपीएसमध्ये (एका स्थिर बेस रिसीव्हरच्या आधाराने बिंदू मोजायच्या पद्धतीत) बेस स्टेशनचे अक्षांश-रेखांश नुसत्या जीपीएसवरून घेतले असतील तर त्यावरून निघालेले सगळे बिंदू काही मीटर एकाच दिशेला सरकतात, आणि आपसांत मात्र सेंटिमीटरपर्यंत जुळतात. अगदी आपल्याला दिसत होतं तेच चित्र. म्हणून कंपनीचे काही जीसीपी आमच्या बेसवरून पुन्हा मोजले. आडव्या जागेत ते आमच्याशी छान जुळले. बेस निर्दोष. पिक्सेलचा कोपरा की मध्य, हा नेहमीचा घोळ जास्तीत जास्त अर्ध्या पिक्सेलचा, सव्वा मीटर. त्याने सहा मीटर भरत नाहीत. ॲफाइनमधली गडबड असती तर सरक प्रतिमेच्या एका टोकाला कमी आणि दुसऱ्या टोकाला जास्त दिसली असती.

उरली उंची. पण उंची चुकली असेल तर ती सगळ्या बिंदूंवर सारखीच चुकायला हवी, सातशे मीटरवर तेवढीच आणि तेराशेवरही तेवढीच.

इथे फोर कामाला आला. कंपनीकडून फक्त आफ्टचा ऑर्थो मागवला होता, फोरचा कुणी मागवत नाही. आम्ही त्यांचेच जीसीपी, त्यांचंच डेम आणि त्यांचीच पद्धत वापरून फोरचा ऑर्थो काढला. एकाच जोडीतले, ५२ सेकंदांच्या अंतराने टिपलेले दोन ऑर्थो एकमेकांवर ठेवले तर कालव्यावरचा पूल पुलावर बसायला हवा. बसला नाही. फोरमधला पूल उत्तरेला होता, आफ्टमधला दक्षिणेला, आणि दोघांमधलं अंतर चाळीस-बेचाळीस मीटर. पाचगणीतलं बास्केटबॉल कोर्टही तसंच, तेवढंच.

दोन कॅमेरे विरुद्ध दिशांनी बघतात, त्यामुळे उंचीतली एकच चूक दोन ऑर्थोंना विरुद्ध बाजूंना नेते. एक मीटर उंची चुकली तर फोर ०.५५ मीटर एकीकडे जातो, आफ्ट ०.१ मीटरच्या जरा आत दुसरीकडे. दोघांत मिळून सुमारे ०.६४ मीटरची फट पडते. बेचाळीसला ०.६४ ने भागा. पासष्ट.

पासष्ट मीटर म्हटल्यावर या धंद्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. जीपीएस उंची मोजतो ती डब्ल्यूजीएस-८४ या गणिती लंबगोलापासून. आपण बोलीत ‘समुद्रसपाटीपासून’ म्हणतो ती उंची जिऑइडपासूनची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या समुद्रसपाटीच्या पृष्ठभागापासूनची. भारतीय उपखंडाजवळ गुरुत्वाकर्षणाचा मोठा खळगा आहे, त्याचा तळ श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात, तिथे जिऑइड लंबगोलाच्या शंभर मीटरहून खाली. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात तो पासष्ट मीटरच्या आसपास खाली आहे. म्हणजे वाईत ७०५ मीटर उंचीच्या जागी रिसीव्हर ६४० दाखवणार. रिसीव्हरची त्यात काही चूक नाही.

कंपनीचा जीसीपींचा तक्ता पुन्हा उघडला. वाईजवळच्या कालव्यावरच्या पुलांसमोर उंचीच्या रकान्यात सगळे आकडे ६४० च्या घरातले. शेजारी टोपोशीट धरली. त्याच जागी समोच्चरेषा सातशेच्या वर. रकान्याचं शीर्षक नुसतं ‘एचटी’. कुठून मोजलेली उंची, ते कुठेही लिहिलेलं नाही. आणि एसआरटीएम? फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानातून घेतलेल्या त्या मोजणीचं डेम आपल्याला मिळतं ते ईजीएम-९६ जिऑइडवर, म्हणजे समुद्रसपाटीवरून. आरपीसी दुरुस्त झाली एका उंचीवर आणि ऑर्थो ओढला गेला दुसऱ्या उंचीवर.

या प्रकारातली खरी मेख अशी की दोन्हीकडे एकच चूक असती तर काही बिघडलं नसतं. जीसीपी समुद्रसपाटीवरून आणि डेमही समुद्रसपाटीवरून घेतलं असतं, तरी आरपीसी मुळात लंबगोलाच्या उंचीवर बनलेली असूनही ॲफाइनने तो पासष्ट मीटरचा फरक जवळजवळ सगळा गिळून टाकला असता. ऑर्थो ठीक आला असता आणि कुणाला काही कळलंही नसतं. बिघडतं ते अर्धं बरोबर केल्यावर. आणि अहवालातली आरएमएसई तर निघते डेमला हात लावण्याच्या आधी, जीसीपीच्या स्वतःच्या उंचीवर. डेममधली गफलत तिला दिसणं शक्यच नाही. म्हणून ती एका पिक्सेलच्या आत होती, आणि खोटीही नव्हती.

दुरुस्ती दोन प्रकारे करता येते. जीसीपींच्या उंचीत पासष्ट मिळवायचे, किंवा डेममधून वजा करून ते लंबगोलावर आणायचं. आम्ही दुसरं सुचवलं, कारण आरपीसी त्याच भाषेत बोलते. अर्थात एकच आकडा सगळीकडे न वापरता जिऑइडचं जाळं घेऊन प्रत्येक पिक्सेलला त्याचा फरक लावायचा. काही सॉफ्टवेअर हे आपणहून करतात, पण डेमच्या फाइलमध्ये उंचीचा आधार नोंदलेला असेल तरच. इंटरनेटवरून उतरवलेली, तुकडे जोडलेली, कुणीतरी मेलने पाठवलेली टिफ फाइल असेल तर ती नोंद हमखास गळलेली असते.

एसआरटीएमऐवजी इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचं कार्टोडेम (कार्टोसॅट-१ च्या प्रतिमांवरून काढलेलं डेम) घ्यावं का, असा प्रश्न आला. तिथे उलटी गंमत आहे. कार्टोडेमची उंची लंबगोलावरून असते, त्यामुळे कोकण किनाऱ्यावर ती उणे साठ-सत्तर दिसते. दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी घाबऱ्या घाबऱ्या विचारतो की रत्नागिरी समुद्राखाली कशी गेली. कंपनीने योगायोगाने कार्टोडेम वापरलं असतं तर त्यांचे जीपीएसचे आकडे त्याच्याशी आपोआप जुळले असते आणि हा लेख लिहायची वेळ आली नसती.

तिसऱ्या खेपेचा ऑर्थो आला. बाण आखूड झाले आणि चहूकडे तोंडं करून विखुरले. फोरचा ऑर्थो आम्ही पुन्हा काढून आफ्टवर ठेवला. खोऱ्यात पूल पुलावर बसला, कोर्ट कोर्टावर.

कड्यांवर मात्र अजूनही दोघांचं जुळत नव्हतं, आणि ते जुळणारही नव्हतं. टेबललँडची कड, कमळगडाचा माथा, महाबळेश्वरचे पश्चिमेकडचे कडे, इथे तीस मीटरचं डेम उभा कडा उतरता करून टाकतं. कड्याच्या ओठावर डेम चाळीस मीटरने चुकलं, आणि ते सहज चुकतं, तर आफ्टमध्ये चार मीटर जातात, फोरमध्ये बावीस. आमची पंचाईत अशी की दरडींची सुरुवात बहुतेक वेळा त्या ओठाखालीच होते. शेवटी कड्यांलगतचा पट्टा ऑर्थोवर वेगळा दाखवून ठेवला, आणि त्या पट्ट्यातल्या दरडींची वरची कड ऑर्थोवर न आखता फोर-आफ्ट जोडी त्रिमितीय बघून आखायची असं ठरलं. काम वाढलं. दुसरा मार्ग मला दिसत नाही, बारीक डेम मिळेपर्यंत तरी.

मागणीपत्राच्या पुढच्या आवृत्तीत आम्ही काही गोष्टी घालायला लावल्या. जीसीपीच्या तक्त्यात उंचीसमोर तिचा आधार लिहायचा, डेमचाही लिहायचा. चेक पॉइंट काम करणाऱ्याने न घेता दुसऱ्या कुणी घ्यायचे. आरएमएसईसोबत बाणांचा नकाशा जोडायचा. जोडी उपलब्ध असेल तर फोर आणि आफ्ट दोन्हींचे ऑर्थो काढून त्यांच्यातली फट कळवायची, फोरचा ऑर्थो वापरायचा नसला तरी. शेवटच्या कलमाला कंपनीकडून थोडा विरोध झाला, कारण त्यात दिवस जातो. खरं म्हणजे तासाभराचं काम आहे, आणि त्याला जमिनीवर एक पाऊलही टाकावं लागत नाही.

मग लक्षात आलं की शेजारच्या जावळी आणि पाटण भागातले आधीचे ऑर्थो त्याच पद्धतीने झाले होते, मर्यादेत बसले म्हणून स्वीकारलेही गेले होते, आणि त्यांच्यावर दरडींच्या कडा आखूनही झाल्या होत्या. सगळं पुन्हा आखावं लागणार म्हणून मंडळी हवालदिल झाली. तशी गरज पडली नाही. एवढ्या भागात जिऑइड फार तर एक-दोन मीटरने बदलतो, म्हणजे आफ्टवर सरकेत वीस सेंटिमीटरचाही फरक पडत नाही. आखलेल्या सगळ्या रेषा उपग्रहाच्या वाटेने सहा मीटर उत्तरेला, किंचित पूर्वेला ढकलल्या, काही कालवे आणि पूल निवडून पडताळा घेतला, आणि कड्यांलगतचा भाग तेवढा नव्याने आखायला काढला.